मिळून आला

रात्री अडीचला फोन. वैजूचा, जहाजावरून.
"अण्णा, सापडलं."
आमच्या धंद्यात हा शब्द ऐकला
की मी आधी चादर शोधतो.

हसली. जहाज हो अण्णा. विमानवाहू. लढाईतलं.
ऐंशी वर्षं कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं.
फोटो धाडला:
अंधारात लोखंडाची भिंत, तिला गंजाच्या पारंब्या,
आणि धावपट्टीच्या कडेला एक विमान
पंख मुडपून, गंगेवरच्या पारव्यागत.

किती खोल?
पाच किलोमीटर.
मला दुतोंड्या मारुतीपुढचं माप येत नाही.
घोट्याला पाणी, कमरेला पाणी,
गळ्याशी आलं की सराफ बाजार रिकामा करायचा.
पाच किलोमीटर म्हणजे
रामकुंडावरून निघायचं, द्वारका मागे टाकायची,
आणि तो सगळा रस्ता उभा करायचा.
खाली.

आत किती जण?
"साडेआठशे."
वर कधी काढणार?
"काढत नाहीत. हातसुद्धा लावत नाहीत.
बघायचं, मोजायचं, फुलं सोडायची,
यंत्र वर घ्यायचं."

छत्तीस वर्षं बुड्या मारतोय मी.
गाडगे महाराज पुलाखालून, टाळकुटेश्वरापाशी,
सोमेश्वरच्या कपारीतून
एकशे बारा काढले. नळी नाही, चष्मा नाही.
जिवंत असला तर केसाला धरायचं, मिठी घालू द्यायची नाही.
मेलेला शहाण्यासारखा येतो.
पंचनाम्यात लिहितात, 'मिळून आला'.
कुणाला, ते लिहीत नाहीत.
सापडणं म्हणजे काठावर आणणं,
दुसरा अर्थ मला कुणी शिकवला नव्हता.

"अण्णा, ऐकताय ना?"

ऐकतोय.
मोठ्या पुराचं साल. तू सहावीत होतीस.
ओढ्याच्या पेखळ्यांचा पोरगा, सतरा वर्षांचा.
तीन दिवस शोधला. सापडला नाही म्हणून सांगितलं.
त्याची आई पायरीवर डबा घेऊन बसली होती,
त्याच्यासाठी आणलेला.

सापडला होता, वैजू.
सुटलेल्या शिळेखाली पाय अडकलेला.
माझ्या हातात त्याचा हात आला होता, मनगटावर लाल दोरा.
तीनदा ओढला. तीनदा दम संपला.
मग वरून पाणी सोडलं.
चौथ्यांदा मी गेलोच नाही.

फोनवर नुसती खरखर.
आवाजाला आभाळात जाऊन खाली यायला
वेळ लागतो म्हणे.
मग तिनं विचारलं,
"तुम्ही फुलं सोडली होती का?"

एवढंच. जहाजावर कुणीतरी तिला हाक मारली.

ओढ्याची पहिली बस सव्वासहाला.
पारानंतरचं तिसरं घर, दाराशी शेवग्याचं झाड.
तेव्हाही मी तिथवर गेलो होतो,
शेंगा मोजून परत आलो होतो.

चहा टाकलाय.
अंगातला सदरा अजून बदललेला नाही.