अधू मालाचा भाव

उभादांड्याला, चर्चमागच्या गल्लीत
पुठ्ठ्यावर निळ्या खडूनं लिहिलेलं:
'निवडुंग विकणे आहेत. सकाळी नऊ ते बारा.
कुत्रा बांधलेला आहे.'

कुत्रा बांधलेला नव्हता.
गडग्यावर झोपला होता.
आणि बावतीस लोबो,
दीपगृहातून निवृत्त होऊन एकवीस वर्षं झालेले,
खुर्चीत, मांडीवर वही, वहीवर चष्मा.

कोकणात निवडुंग पाळणं म्हणजे
होडीत उंट पाळण्यातला प्रकार.
चार महिने आभाळ ओतत राहणार
आणि ह्याला हवा कोरडा घसा.
म्हणून परसभर प्लास्टिकचं छप्पर,
जुन्या वल्ह्यांचे खांब, जाळ्याच्या दोरीनं आवळलेले.
जुलैत हा माणूस रात्री उठून
छपराची पाण्यानं फुगलेली पोटं
काठीनं वर ढकलत असे.
हे पावलीनबाई सांगत होत्या,
चहा न विचारता देत.

आता मुलीकडे निघालेत, वसईला, तिसरा मजला.
बाल्कनी केवढी, ते लोबोंनी हातांनी दाखवलं.
सुरमई दाखवतात तेवढी.

चांगली झाडं पलीकडे, नावाच्या पट्ट्यांसकट.
गोव्याच्या गाडीतून आलेले दोघे तिथंच वाकलेले.
फणसाखालच्या फळीवर अधू माल,
कुठलाही वीस रुपये.
मी कटपीसवर वाढलेली बाई.
बाजारपेठेत माझं मशीन आहे. फॉल, पिको, अल्टर.
पाय आपोआप फळीकडे गेले.

एक, उजेडाकडे मान काढून वाकडा झालेला,
मागच्या बाकावरच्या पोरासारखा.
दुसऱ्यावर गोगलगाय जेवून गेलेली;
तिची वाट वाळून तपकिरी.
तिसऱ्याची कंबर एका जागी आवळलेली.
ते लोबोंच्या गुडघ्याचं वर्ष, बेळगावचं हॉस्पिटल,
पाणी घालायला कुणी नव्हतं.
ब्लाऊज उसवला की दिसतं ना,
बाई कुठल्या साली वाळली होती,
तसं.

चौथ्याला डोकंच नव्हतं.
वरचं लाल कलम कुजून गेलेलं,
उरला हिरवा तिकोनी खुंट, कापल्या जागी खपली,
खपलीच्या कडेला मोहरीएवढी तीन पिल्लं.

"ह्येका साठ," लोबो म्हणाले.
"फळीवर वीस लिहिलंय."
"आसांदे. बाकीचे आपसूक वाकडे झाले.
ह्येका मी सात वर्सां जगयलंय."

मी गप्प.
मला रोज कुणीतरी विचारतं,
नुसती बाही लावायला एवढे?
आणि मी सांगत बसते, बाई गं,
शिवण्यापेक्षा उसवायला वेळ लागतो.
तेच वाक्य आता समोरून येत होतं,
पांढऱ्या मिशीतून.

तरी घासाघीस केलीच. सवय.
पंचेचाळीसला दिला.

वहीत खुंटाचं एक आख्खं पान होतं.
तारखा, राख, हळद, पुन्हा राख,
एका जागी नुसतं 'बघूया'.
"खंय ठेवतलंस?"
"मशीनच्या खिडकीत."
"तोंड खंय तिचां?"
समुद्राकडे, म्हटलं.
"मगे खारो वारो येतलो. काचेआड ठेव."
माझं नाव विचारलं नाही.
पानाखाली लिहिलं: मशीनची खिडकी, पश्चिम.
आणि वही मिटून
बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

रिक्षात चार कुंड्या मांडीवर.
मठाच्या वळणावर ब्रेक लागला
आणि अंगठ्यात काटा.
रात्री मशीनच्या दिव्याखाली
दहा नंबरच्या सुईनं उकरून पाहिलं, निघाला नाही.
कापड दाबून धरलं की अजून कळतो.

सोमवारी जोशीलकरांची सून आली,
खिडकीत वाकून म्हणाली,
ह्यातला मेलेला कुठला?
कुठलाच नाही, म्हटलं.
बाही उद्या मिळेल.
साठ होतील.