माईक टेस्टिंग

भिवसेन बिडगर गेला तेव्हा पेपरात चार ओळी आल्या.
तीन खऱ्या होत्या.
'शाहीर' लिहिलं होतं, ते चुकलं.
डफ त्याने कधी हातात धरला नाही.
म्हणायचा, मी मेंढ्या कातरणारा,
कातरताना तोंड रिकामं असतं, एवढंच.

मी निफाडचा साऊंडवाला.
दोन भोंगे, एक अँप्लिफायर आणि एम-एटी.
तेवीस वर्षं त्याच्यामागे वायर गुंडाळत फिरलो.

पहिल्यांदा ऐकला अंदरसूलला, बाभळीखाली.
मेंढी मांडीत, तिच्या पाठीवर कातर,
आणि कातरीच्या दर कचकचीला एक शब्द पडत होता.
मेंढी हलत नव्हती.
मला वाटलं, ऐकतेय.
नंतर म्हणाला, घाबरलेली असते रे,
पण तू तसंच समज.

मग हुरड्याची शेतं, जत्रेतले तंबू,
सिन्नरचा विडी कारखाना.
तिथं पानं कापता कापता सोनाबाई सदगीरने
त्याची अडलेली ओळ दुरुस्त करून दिली:

नव्व्याण्णव भरली मेंढरं, एक हुडकत हिंडलो रान
मागं बघतो तर तीच उभी, माझ्याकडं लावून कान

आधी तो 'टवकारून' म्हणायचा.
सोनाबाई म्हणाली, 'रान'ला 'कान' असताना
आडरानात कशाला शिरतो?

माईकशी त्याचं जमलं नाही.
कोकराचा पाय धरावा तसा धरायचा,
तोंडापासून हातभर लांब.
त्याच्या आवाजाला माळ ओलांडायची सवय.
मी तरी लावायचो. माझं पोट त्यावर होतं.

नाशिकला, गंगापूर रोडच्या हॉलमध्ये,
त्याला 'जेवणापूर्वी दहा मिनिटं' दिली.
मागून मसालेभाताचा वास येत होता.
त्याने पटका सारखा केला
आणि एका मेंढीची गोष्ट चाळीस मिनिटं सांगितली.
भात गार झाला.
एक जण उठला, तोही पंखा बंद करायला.

पुस्तक एकच. पंचवटीतल्या प्रेसने छापलं,
सतरा ठिकाणी 'मेंढी'ची 'मंडी' झाली.
पाचशे प्रती माझ्या कॅरिअरला बांधून विकल्या.
किंमत दहा रुपये, नसतील तर एक भाकरी.
भाकरीवर जास्त खपलं.

लोकरीला कुणी विचारेना,
तेव्हाही त्याला बोलावणी येत होती.
द्राक्षमळ्यातल्या वाइनच्या उत्सवात
भर मार्चमध्ये अंगावर कोरी घोंगडी दिली.
त्याने चाचपली. म्हणाला,
हिने मेंढी बघितलेली नाही.
मग उभा राहिला,
'नव्व्याण्णव भरली मेंढरं' म्हणाला
आणि थांबला.
लोकांना वाटलं, काय थांबतो बघा! टाळ्या पडल्या.
मी त्याचे हात बघत होतो.
बोटं हवेत कातर चालवत होती,
पुढची ओळ कुठं कापायची ते कळत नव्हतं.
मी आवाजाचं बटण हळूच खाली आणलं.

त्यानंतर तीन वर्षं काढली त्याने.
मला 'दादा' म्हणायचा. मी त्याच्याहून बारा वर्षांनी लहान.

माझ्याकडे त्याच्या चाळीस कॅसेटी होत्या.
एकोणचाळीसांवर लग्नाची गाणी भरली.
मीच भरली. सीझन होता,
कोरी कॅसेट अठ्ठावीस रुपयाला होती.
हे पेपरात आलं नाही.

उरली त्या एकीवर कविता नाही.
मनमाडचा कार्यक्रम, गर्दी यायचीय अजून,
मी लांबून ओरडतोय, काहीतरी बोल, आवाज बघू दे.
लोक 'हॅलो हॅलो' म्हणतात.
हा मेंढ्या मोजतोय.
एक, दोन, तीन, ती काळी चार,
लंगडीला आधी आत घ्या, पाच...
त्रेसष्टला इंजिनाची शिटी होते
आणि टेप गुंततो.

पेन्सिल घालून सोडवतो, परत लावतो.
बायको आतून विचारते, किती वेळा तेच ते?
मी म्हणतो, थांब जरा,
अजून पस्तीस-छत्तीस आत यायच्यात.