केव्हाही

कॉलेज रोडवरच्या काचेच्या ऑफिसात
भुतडांच्या तेजलने फॉर्म उलटा फिरवून
माझ्यापुढे सरकवला.
मागे भिंतीवर जहाज, अकरा मजली.
आमच्या जेल रोडच्या सोसायटीला तीनच,
त्यातही लिफ्ट बंद.
"काकू, एवढंच राहिलंय. रात्रीच्या जेवणाची वेळ.
ठरलेली हवी, की केव्हाही?"

ठरलेली म्हणजे सव्वासहा किंवा साडेआठ,
रोज तेच टेबल, तीच माणसं, तोच वाढपी.
केव्हाही म्हणजे केव्हाही.
"भूक लागेल तेव्हा जायचं," ती म्हणाली
आणि पेनाचं टोपण काढून थांबली.

केव्हाही, ह्यांनी लगेच सांगून टाकलं.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजलेला माणूस,
भोंग्यावर उठलेला, भोंग्यावर जेवलेला,
रिटायर होऊनही पावणेबाराला
ज्याचा हात खिशात आपोआप रुमाल शोधतो,
तो म्हणतो केव्हाही,
आणि म्हणताना खुर्चीत जरा रेलतोसुद्धा.
मला हसू आलं. मग ते गेलं.

मला भूक केव्हा लागते?

सकाळपाळीचा डबा पाचला.
केतकीची शाळा, मग सासऱ्यांचं जेवण,
जेवणानंतर अर्ध्या तासाने त्यांची गोळी,
ह्यांची रात्रपाळी असली तर दुपारभर घरात
भांड्याचा आवाज करायचा नाही.
मधे कुठेतरी मी जेवायचे.
ओट्याशी उभी, कढईतच भात कालवून,
कधी दीडला, कधी चारला,
एकदा तर पातेली घासायला घेतली
आणि आठवलं, अजून पोटात काहीच नाही.
ह्याला काही नाव असेल असं वाटलं नव्हतं.
गुळगुळीत कागदावर, छापील,
जास्तीचे पैसे भरून
लोक हेच मागून घेतात म्हणे.

नणंदेच्या लग्नात, सिन्नरला,
चार पंगती उठल्या तोवर
मी वाढत होते.
पाचवीत मठ्ठा निव्वळ पाणी झालेला,
जिलबीच्या परातीत नुसता पाक.

"सव्वासहा," मी म्हटलं. "पहिली पंगत."

हे दचकलेच. "अगं, समुद्रातसुद्धा भोंगा?"
मला एक खुर्ची हवी होती
सव्वासहाला माझ्या नावाने रिकामी ठेवलेली,
आणि मला उशीर झाला तर
कुणीतरी दाराकडे बघणारं.
पण हे सगळं तेजलसमोर कसं बोलणार?
मी म्हटलं, "डायबिटीस आहे ना."

"एका केबिनला एकच वेळ मिळते, काका," तेजल म्हणाली
आणि तिचा फोन वाजला.

ह्यांनी फॉर्म उचलला,
ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला,
जुनी सवय,
कागद खरा आहे का ते बघायची.
मग हळूच म्हणाले,
"सव्वासहाला सूर्य बुडत असेल गं.
मी कधी बुडताना बघितलाच नाही.
दुसऱ्या पाळीला आत गेलो की बाहेर येईतो अंधार."

हे मला चौतीस वर्षांत कळलं नव्हतं.
मी भाजीच्या पिशवीचे बंद सारखे करत राहिले.

"उद्या सांगतो," ते तेजलला म्हणाले.

बाहेर ऊन उतरत होतं.
बसला वेळ होता.
स्टॉपच्या कोपऱ्यावर पाववड्याची गाडी,
कढईत नुकता घाणा सोडलेला.
हे थांबले. म्हणाले,
"तुला भूक लागली आहे का?"

साधा प्रश्न.
मी मनगट वळवून
घड्याळात पाहिलं.

त्यांना ते दिसलं असावं.
काही बोलले नाहीत.
पहिला वडा कागदासकट माझ्या हातात दिला
आणि स्वतः गाडीला टेकून उभे राहिले,
घाई नसल्यासारखे.
चार वाजून दहा मिनिटं झाली होती.
मी खाल्लं.
जीभ भाजली.