कौटुंबिक इतिहास

गड्डम सिस्टर दंडाला पट्टा गुंडाळतात,
म्हणतात, बोलू नका, आकडा चढतो.
मी गप्प.
गप्प राहूनही चढतो, हे त्यांना ठाऊक आहे.
एकशे सत्तर, खाली एकशे चार.
बाहेर सोलापूर त्रेचाळीसवर.

भरतीच्या वेळी डॉक्टरनं दात मोजले, छाती फुगवायला लावली,
तळपाय जमिनीवर दाबून बघितले
आणि लिहिलं : कुठलाही दोष नाही.
इतकं निखळ प्रमाणपत्र पुन्हा कुणी दिलं नाही मला,
मुलगी देताना सासऱ्यांनीसुद्धा नाही.

पुढं बावीस वर्षं.
त्यातली दोन अशा ठिकाणी,
जिथं स्टोव्ह पेटवण्याआधी त्याची समजूत काढावी लागायची
आणि झोपेत श्वास अर्ध्यावर थांबून
विचारायचा, पुढं येऊ का?
मग एका वार्षिक तपासणीत पारा वर गेला.
पोस्टिंग बदललं, पारा तिथंच राहिला.

निवृत्तीच्या बोर्डात तिघं बसले होते.
अपंगत्व : तीस टक्के. कालावधी : आयुष्यभर.
त्याखाली एक ओळ,
सेवेमुळे उद्भवलेले नाही, सेवेमुळे वाढलेलेही नाही.
म्हणजे दुखणं खरं, टक्के खरे,
फक्त बावीस वर्षं ते माझ्यासोबत
बिनतिकीट फिरत होतं.

सैनिक कल्याणच्या कार्यालयात
सुभेदार वाघचवरे कागद उलटे सुलटे करून बघतात.
घरात कुणाला होतं का, या रकान्यात काय सांगितलंत?
आईला, म्हटलं.
का सांगितलंत?
विचारलं म्हणून.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
म्हेत्रे, खरं बोलणाऱ्याची फाईल जाड होते बघा.

अव्वा मिलमध्ये वाइंडिंगला होती.
तुटलेला धागा न बघता जोडायची,
बोटं आपोआप गाठ मारायची, तोंडानं ती दुसरंच काही बोलायची.
नव्याण्णवच्या उन्हाळ्यात
शेजारच्या टीव्हीवर रोज डोंगर दिसायचे
आणि माझं पत्र सात आठवडे नव्हतं.
पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की
ती भाकरी तव्यावर तशीच टाकून मोरीत जाऊन उभी राहायची, दार लावून.
घंटी पुढं गेली की बाहेर यायची.
भाकरी जळालेली.
हे मला धाकट्या बहिणीनं सांगितलं, अव्वानं कधीच नाही.

जून संपता संपता ती मिलमध्येच भोवळ येऊन पडली.
सिव्हिलच्या डॉक्टरनं पट्टा बांधला,
विचारलं, आजी, कसली काळजी आहे का घरात?
ती म्हणाली, नाही हो.
मुलगा नोकरीला आहे.

अपिलात हे लिहा, म्हणालो.
वकील शाबादे चांगला माणूस, फी हप्त्यानं घेतो.
त्यानं तो परिच्छेद वाचला, चष्मा काढून पुसला,
आणि खोडला.
तारखा द्या, म्हणाला, पोस्टिंगच्या, उंचीच्या, ॲडमिट झाल्याच्या.
जळालेल्या भाकरीला जावक क्रमांक नसतो.

आनुवंशिक, असं लिहिलंय त्यांनी.
असेल.
पण आधी कुणाकडून कुणाकडं गेलं,
एवढं तरी विचारायचं.

ती गेली तेव्हा उशाखाली गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली.
तीच कंपनी, तेवढ्याच ताकदीची,
चांदीच्या कागदात सहा शिल्लक.
वाया जायला नको म्हणून
मीच संपवल्या.

घरी भाकरीत मीठ बंद आहे.
शेंगाचटणीची बरणी बायकोनं वरच्या फळीवर ठेवलीय.
ग्लेशियर चढलेला माणूस स्टुलावर चढतो,
एवढं तुम्हाला म्हणून सांगतो.

सिस्टर पट्टा सोडत नाहीत.
पाच मिनिटं शांत बसा, परत घेऊ.
खिडकीत मिलची चिमणी, धुराशिवाय.
मी डोळे मिटतो, श्वास मोजतो, शिकवला होता तसा.
रस्त्यावर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजते.

हात सैल सोडा, म्हेत्रे.
सैल.