राखण

निनाद पुण्याला परीक्षेला गेला,
जाताना हातात एक कागद ठेवला.
बाबा, रात्री दोन ते पाच फक्त.
तेव्हाच येतात.

कोण येतात हे मी विचारलं नाही.
एकतीस वर्षं नोटप्रेसला मोजणीत काढली,
आत जाताना झडती, बाहेर येताना झडती,
डब्यातल्या पोळीचीसुद्धा घडी उलगडायची.
कोण येतात ते मला माहीत आहे.
एकतीस वर्षं, तसं धरलं तर,
मीच येत होतो.

माझ्यासाठी त्यानं वेगळा माणूस करून ठेवला होता,
टकला.
मुद्दामच असणार.

दगडी भिंतीआड दोन खोल्या.
दारामागे दार,
पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.
हे शिकायला मला वेळ लागला नाही.
पुढच्या खोलीत एक पेटी, तिच्यात थोडा कापूस, तीन खिळे,
चोराच्या समाधानासाठी.
खरा माल फरशीखाली.
कुलपाला चार आकडे,
निनादनं माझाच टोकन नंबर लावलेला.
बरं वाटलं.
मग वाटलं, फार सोपा आहे.

आणि कोपऱ्यात निनाद, झोपलेला.
खेळ बंद करून माणूस पुण्याला गेला
तरी अंग तिथंच उरतं म्हणे,
कुणीही यावं आणि खिसे चाचपावेत असं.
कागदावर सूचना होती:
आधी माल बघा, मग मला.
मी उलटं केलं.
त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिलो.

जानेवारी. जेलरोडला कुत्रंही भुंकत नव्हतं.
मफलर कानाला, पाय रजईत,
स्टेशनवरून मधूनच घोषणा, अमुक गाडी इतके मिनिटं उशिरा.
हिनं एकदा उठून पाहिलं,
काय राखताय म्हणाली.
लाकूड, म्हटलं. दगड. थोडं लोखंड.
ती काही बोलली नाही. दिवा मालवून गेली.

तीन वीसला बाहेर पावलं.
तिघं असावेत.
भिंतीला काहीतरी चिकटलं आणि टिकटिकू लागलं.
माझा माइक चालू होता, मला कुठं ठाऊक.
थंडीचा खोकला आला,
दाबला तरी आला.

बाहेर एकदम शांत.
मग एक कोवळा आवाज:
ए, आत कुणाचा तरी बाप बसलाय.

काय म्हणावं मला सुचेना.
तोंडातून निघालं,
टोकन दाखवा.

हसले. खूप हसले.
त्यांच्यातला एक, सगळ्यात बारीक आवाजाचा,
हसलाच नाही, म्हणाला, विसरलो सर.
शाळेत म्हणतात तसं, अगदी.

तेवढ्यात भिंत उडाली.
धूर बसेपर्यंत मी निनादच्या पुढ्यातून हललो नाही.
त्यांनी पेटी उघडली,
कापूस घेतला, खिळे घेतले.
काका, झोपा आता, असं म्हणून निघून गेले.
मी थोडा वेळ तसाच उभा होतो,
हात वर केलेले होते की काय, आठवत नाही.

मग जुनी डायरी काढली.
प्रेसमध्ये फाटक्या नोटेचाही हिशेब लागायचा.
०३:२०. कापूस, सर्व. खिळे, तीन.
भिंत, एक.
खाली सही केली. सवय.

रविवारी निनाद आला,
बूट काढता काढता विचारलं, काही गेलं?
पेपर कसा गेला हे मी विचारायचं राहिलं.
डायरी दिली. त्यानं वाचली, दोनदा,
मग म्हणाला, खिळ्यांचं काय एवढं बाबा,
तसंही गुरुवारी सगळं शून्य होणार,
सगळ्यांचंच.
नवी भिंत घातली. नंबर बदलला.

नवा नंबर मी विचारला नाही.
निवृत्तीच्या दिवशीही गेटवर झडती झालीच होती,
हार बाजूला करून,
नारळ हलवून पाहिला होता त्यांनी.