उतारा

कालावलच्या खाडीतले ओंजळभर खुबे
सुंदरा तारीने माझ्या टेबलावर ओतले.
"बघ गो बाय, खावक बरे आसत काय?"
शिंपल्यांना गाळाचा वास होता, तिच्या नखांनाही.

सुईच्या टोकावर त्यांचं पाणी घेतलं,
अगारवर रेघा ओढल्या,
सदतीस अंशांच्या उबेत बशी झाकून ठेवली.
सकाळी पांढुरक्या ठिपक्यांची दाट वस्ती,
आणि एकाच ठिपक्याभोवती मोकळं रिंगण,
देवचाराच्या वाटेवर कुणी घर बांधत नाही
तसं.

"आमकां बाधतला काय तां?"
नाही. त्याचं विष त्याच्या भावकीपुरतं.
जितकं जवळचं नातं तितकी भिंत पोखरायला सोपी.
विष करणारी पेशी ते सोडताना स्वतःच फुटते,
रिंगण उरतं बहिणींना.
त्यांना बाधा नाही, कारण
ज्या चिठोऱ्यावर विषाची कृती
त्याच चिठोऱ्याच्या तळाशी उतारा लिहिलेला.

पण चिठोऱ्याला पाय नसतात.
पलीकडे जायचं तर तर हवी.

तर म्हणजे दुसरंच एक वर्तुळ,
शास्त्रात त्याला सुफलतेचा घटक म्हणतात.
ते पेशीला दोर फुटवतं:
केसाचे उभे दहा हजार भाग करा, त्यातला एक.
दोर शेजारणीला लागतो, आखडतो,
होडी धक्क्याला टेकावी तसं अंगाला अंग.
मग दोन पदरांतला एक उसवून
टोकाकडून सरकत जातो.
एक गेला, एक राहिला,
दोन्ही काठांवर हरवलेला जोड नव्याने विणला.
देणारीचं काही उणं होत नाही.
घेणारी देणारी होते.
आणि त्याच तरीत, भाडं न देता,
विषाचा चिठोरा बसून येतो.

याला सुफलता म्हणायचं!
दोघी होत्या, दोघीच राहिल्या.
ना पाळणा, ना बारसं.

"मगे आवस कोण तेंची?"
आई नाही लागत, म्हटलं. शेजार लागतो.
ती जरा थांबली, खुब्याचं तोंड नखाने दाबत.
"म्हंजे वाण नाय, पण गुण लागलो."
मी सहा पानं वाचली होती
या गोठ्यातल्या म्हणीपर्यंत यायला.

तिचा सासरा तर वल्हवायचा, पूल व्हायच्या आधी.
मीठ, नवऱ्या मुली, कोंबडे, कोर्टाची समन्सं.
कुणाच्या पदरात काय, त्याने कधी विचारलं नाही.
एका साली हगवण त्याच तरीतून आली,
चौथ्या दिवशी पाला ओळखणारी म्हातारीही.
दोघींकडून त्याने सारखेच पैसे घेतले.

मी अहवालात आकडे भरले.
उकळल्याशिवाय खाऊ नयेत, असं खाली लिहिलं.
"ह्येचो उतारो दी. बाजारात दाखवूक होयो."
कार्बन घालून मी पुन्हा लिहिलं,
एक कागद माझ्या फायलीत,
एक तिच्या ओच्यात.

ती गेल्यावर बघते तर
खुबे टेबलावरच.
विसरली, की ठेवले, कोण जाणे.
दोनदा साबण लावला,
बोटांचा गाळ जाईना.