शंभरातून सात

अकरा रात्री मी झोपले नव्हते, उन्मेष,
हे तू डॉक्टरांना बरोबर सांगितलंस.
बाकीचं जरा वाढवून सांगितलंस.

दत्तवाडीतले फलक मी लाल रंगाने दुरुस्त करत हिंडले, खरं आहे.
बत्तीस वर्षं मुद्रितं तपासलेली बाई
'शुभेच्छूक' किती दिवस सहन करेल?
पण कठड्यावर चढले होते ती मरायला नव्हे.
समोरच्या फ्लेक्सवरचा दीर्घ उकार
तिथून हाताला येत होता.
मधे बारा फूट हवा होती आणि खाली चार मजले,
हे नंतर कळलं.

एकशेआठ आली.
ड्रायव्हर जिन्याचं वळण बघून तुला म्हणाला,
ताई चालत येतील का?
मी तिथेच उभी होते.
गाडीच्या कपाळावर उलटी अक्षरं.
ती आरशासाठी असतात, मला माहीत होतं,
तरी हात शिवशिवला.

तू विचारलंस, आधी चौकीत जायचं का?
घोलपबाई म्हणाल्या, नाही हो, थेट दवाखान्यात.
आजारी माणसाला कोठडीत नाही ठेवत आता.
मग वाकून जिन्याखाली माझ्या चपला शोधल्या.
एकच सापडली.
ती मांडीवर घेऊन बसल्या, वर्दीवर, येरवड्यापर्यंत.

छातीवर पट्टा. सैल करा म्हटलं,
एक बोटभर सैल केला.
सायरन नको म्हटलं,
तो मात्र वाजत राहिला.
काचा दुधी. वळणांवरून पुणं वाचत गेले:
हा म्हात्रे पूल, हा खड्डा गरवारेपाशी,
इथे गाडी हलकी झाली म्हणजे संगम,
इथे वारा बदलला म्हणजे बंडगार्डन.
पुढचं मला वाचायचं नव्हतं.
लहानपणी आपण एकमेकांना
'येरवड्याला पाठवीन' म्हणायचो ना,
तू जास्त.

डॉक्टर तुझ्या मुलीएवढी.
अर्जावर छापलं होतं: 'मानसीक'.
मी बोट ठेवलं.
तिने न बोलता पेन पुढे केलं.
रात्रभरात माझं ऐकलं गेलं ते एवढंच,
एक वेलांटी ह्रस्व झाली.

वार कोणता? गुरुवार. नाही, शुक्रवार लागला की.
शंभरातून सात वजा करत चला.
त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी.
बहात्तर, मी म्हणाले,
आणि ती दाराकडे वळून तुला म्हणाली, बहात्तर तास.
तेवढं तातडीचं म्हणून.
नंतर आम्ही दोघं त्यांना वेगवेगळे तपासू,
मग पुढचं.
मला वाटलं, ती माझाच आकडा
पक्का करून देतेय.
मग सुई टोचली, आणि हिशोब तिथेच थांबला.

त्या तीन दिवसांचं मी काही लिहिणार नाही.
पंखा होता. शेजारच्या खाटेवरची यमुना
झोपेत भाजीचे भाव सांगायची.

आता दर महिन्याला गोळ्या आणायला जाते, बसने.
वाटेत उरलेली वजाबाकी करते.
पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न…
कितीही नीट केली तरी शेवटी दोन उरतात.
एकदा चौदा उरले होते,
तेव्हा गोळ्या वाढवून घेतल्या.

तू अजून नजर देत नाहीस.
दिवाळीला फराळाचा डबा दारात ठेवून
बेल वाजवून निघून गेलास.
मी रागावले होते, दीड वर्षं.
तुला वाटतं त्याहून जास्त.

परवा कागदांची झेरॉक्स काढली.
'प्रतिनिधीची सही' या ओळीवर,
गिरवून, थांबून, पुन्हा गिरवून,
तू लिहिलं आहेस: उन्मेश.

शहामृगातला श.
पन्नास वर्षांत पहिल्यांदा
तू स्वतःचं नाव चुकलास.

लाल पेन हातात होतं.
टोपण लावून ठेवून दिलं.